बर्कलीचे ४,५२६ अर्ज आणि काय-वर्ग कसोटी

१९७३ च्या शरद सत्रासाठी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या पदव्युत्तर विभागांकडे १२,७६३ अर्ज आले. त्यातले ८,४४२ पुरुषांचे होते, ४,३२१ स्त्रियांचे. निकाल लागल्यावर हिशेब मांडला तेव्हा पुरुषांपैकी ४४ टक्क्यांना प्रवेश मिळालेला दिसला आणि स्त्रियांपैकी ३५ टक्क्यांना. हा नऊ टक्क्यांचा फरक योगायोगाने पडला असेल, की अर्जदार स्त्री आहे की पुरुष, याचा निकालाशी खरंच काही संबंध होता?

या जातीचे प्रश्न आपल्याकडेही रोज पडतात. लस घेतली की नाही आणि आजार झाला की नाही. शाळेचं माध्यम कोणतं आणि निकाल पास की नापास. पाणी विहिरीचं की नळाचं आणि जुलाब झाले की नाही. दर वेळी एकेका माणसाविषयी दोन गोष्टी आपल्याला ठाऊक असतात, दोन्ही गोष्टींचे ठरावीक कप्पे असतात आणि कोणत्या कप्प्यात किती माणसं आहेत हे मोजलेलं असतं. या दोन गोष्टी एकमेकींपासून स्वतंत्र आहेत का, हे तपासायचं साधन म्हणजे काय-वर्ग कसोटी, ऊर्फ काय-स्क्वेअर टेस्ट. शिक्षणशास्त्र, समाजकार्य, व्यवस्थापन अशा विषयांच्या कितीतरी प्रबंधांत ती सापडते. संगणकाने दिलेला आकडा छापायचा, खाली ‘सार्थक संबंध आढळला’, म्हणजे नुसत्या योगायोगाने न पडलेला, असं लिहायचं आणि पुढच्या तक्त्याकडे वळायचं, ही तिथली रीत. मला ही घाई खटकते. कसोटी नेमकं काय विचारते आणि काय विचारतच नाही, हे कळलं तरच तिच्या उत्तराचा उपयोग होतो. ते समजायला बर्कलीइतकं चांगलं उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

आकडेमोड हाताने करता यावी म्हणून सगळं विद्यापीठ न घेता सहा सर्वांत मोठे विभाग घेऊ. त्यांची आकडेवारी प्रसिद्ध आहे. ‘आर’ ही संख्याशास्त्राची संगणकीय भाषा वापरणाऱ्यांना तर ती आयतीच मिळते, त्यामुळे पुढचं प्रत्येक गणित स्वतः पडताळता येईल. या सहा विभागांत मिळून ४,५२६ अर्ज होते.

| | प्रवेश मिळाला | नाकारला | एकूण |
|---|---|---|---|
| पुरुष | १,१९८ | १,४९३ | २,६९१ |
| स्त्रिया | ५५७ | १,२७८ | १,८३५ |
| एकूण | १,७५५ | २,७७१ | ४,५२६ |

पुरुषांचं प्रवेशाचं प्रमाण ४४.५ टक्के, स्त्रियांचं ३०.४ टक्के. इथे दरी आणखी रुंद आहे.

आता ‘स्वतंत्र’ म्हणजे काय, ते डोळ्यांसमोर आणू. समजा, निकालाच्या ४,५२६ चिठ्ठ्या केल्या. १,७५५ चिठ्ठ्यांवर ‘प्रवेश’ लिहिलं, २,७७१ वर ‘नकार’. सगळ्या चिठ्ठ्या नीट मिसळल्या आणि डोळे मिटून प्रत्येक अर्जाला एकेक चिकटवली. अर्जदाराचं नावही पाहिलं नाही. या पद्धतीत स्त्री-पुरुष असण्याचा निकालाशी काडीचाही संबंध उरत नाही. संख्याशास्त्रात याला शून्य परिकल्पना म्हणतात: दोन गोष्टींत संबंध नाही असं धरून चालायचं आणि मग हाती आलेला तक्ता त्या गृहीताशी जुळतो का, ते पाहायचं.

अशा आंधळ्या वाटपात पुरुषांच्या वाट्याला किती ‘प्रवेश’ येतील? एकूण चिठ्ठ्यांपैकी ३८.७८ टक्के प्रवेशाच्या आहेत. पुरुष २,६९१. म्हणजे त्यांच्या वाट्याला साधारण तेवढ्याच टक्क्यांनी १,०४३.५ प्रवेश येणार. गणित सोपं आहे: त्या ओळीची बेरीज गुणिले त्या स्तंभाची बेरीज, भागिले एकूण संख्या. २,६९१ गुणिले १,७५५ भागिले ४,५२६. याला अपेक्षित वारंवारिता म्हणतात. उरलेल्या घरांतही हेच करायचं. स्त्रियांचे प्रवेश ७११.५, पुरुषांचे नकार १,६४७.५, स्त्रियांचे नकार १,१२३.५. अर्धा माणूस प्रवेश घेत नाही हे खरं, पण हे सरासरीचे आकडे आहेत. वाटप पुन्हापुन्हा केलं तर मोजणी ज्याच्या आसपास फिरत राहील तो हा आकडा, म्हणून तो पूर्णांकात आणायचा नाही.

प्रत्यक्षात पुरुषांना १,१९८ प्रवेश मिळाले, अपेक्षेपेक्षा १५४.५ जास्त. स्त्रियांना ५५७, म्हणजे अपेक्षेपेक्षा १५४.५ कमी. नकारांच्या घरांतही तेवढीच तफावत उलटसुलट दिसते. चारही घरांत एकच आकडा यावा हा अपघात नाही, त्याचं कारण पुढे येईल.

आता या चार तफावतींमधून एकच आकडा काढायचा आहे. नुसती बेरीज केली तर अधिक आणि उणे एकमेकांना खाऊन शून्य उरतं. म्हणून आधी प्रत्येक तफावतीचा वर्ग करायचा. मग तो वर्ग त्या घराच्या अपेक्षित संख्येने भागायचा. हा भागाकार का, हे बहुतेक ठिकाणी सांगितलं जात नाही आणि माझ्या मते सूत्राचा जीव त्यातच आहे. जिथे २० माणसं अपेक्षित होती तिथे ४० सापडली तर ती मोठी गोष्ट. जिथे १०,००० अपेक्षित होती तिथे १०,०२० सापडली तर कुणी लक्षही देणार नाही. दोन्हीकडे तफावत २० चीच आहे. मोजणीचे आकडे योगायोगाने जितके हलतात ते त्या आकड्याच्या साधारण वर्गमुळाइतके. २० च्या आसपास चार-पाचांनी, १०,००० च्या आसपास शंभराने. म्हणून तफावतीचा वर्ग अपेक्षित संख्येने भागला की ‘नुसत्या योगायोगाने जेवढी हालचाल व्हायची, तिच्या मानाने ही किती पट आहे’ याचं माप मिळतं.

बर्कलीत तफावतीचा वर्ग सुमारे २३,८८२ येतो. त्याला चारही अपेक्षित संख्यांनी भागू: २२.९, ३३.६, १४.५ आणि २१.३. बेरीज ९२.२. हीच काय-वर्गाची किंमत.

९२.२ हा आकडा मोठा की लहान? हे ठरवायला पुन्हा चिठ्ठ्यांकडे जावं लागतं. मिसळून चिकटवायचा खेळ हजारो वेळा केला आणि दर वेळी काय-वर्ग काढला, तर बहुतेकदा तो एकाच्या आतबाहेर येतो. कधी ०.१, कधी ०.७, कधी २. शंभरातल्या साधारण पाच वेळा ३.८४ च्या वर जातो. शंभरात एखाद्या वेळी ६.६३ च्या वर, हजारात एखाद्या वेळी १०.८३ च्या वर. ९२ पर्यंत पोहोचणं इतकं दुर्मीळ की आयुष्यभर चिठ्ठ्या चिकटवत बसलो तरी ते दिसणार नाही. म्हणून आपण म्हणतो की हा तक्ता आंधळ्या वाटपातून आलेला नाही. शून्य परिकल्पना नाकारली.

योगायोग म्हणायचा की नाही हे ठरवताना रूढीने पाच टक्क्यांची रेघ धरतात. ती ३.८४ वर असते, पण दोन ओळी आणि दोन स्तंभांच्या तक्त्यापुरतीच. तक्ता मोठा असेल तर रेघ वर सरकते, कारण घरं वाढली की योगायोगाच्या तफावतीही जास्त जमा होतात. किती सरकते हे स्वातंत्र्य मात्रेवरून ठरतं, म्हणजे डिग्री ऑफ फ्रीडमवरून. वरच्या तक्त्यातल्या बेरजा तशाच ठेवा आणि आतली चारही घरं पुसून टाका. आता फक्त एका घरात आकडा लिहा. उरलेली तीन घरं वजाबाकीने आपोआप भरतात. म्हणजे मोकळं घर एकच, स्वातंत्र्य मात्रा एक. चारही घरांत तफावत १५४.५ च का होती, त्याचं उत्तरही हेच. सर्वसाधारण नियम असा: ओळींतून एक वजा, स्तंभांतून एक वजा आणि त्यांचा गुणाकार. तीन ओळी आणि चार स्तंभ असतील तर मात्रा सहा आणि पाच टक्क्यांची रेघ १२.५९ वर.

आज हे दोन वाक्यांत सांगून होतं, पण ते ठरायला वीस-पंचवीस वर्षं लागली. कार्ल पिअर्सन यांनी ही कसोटी १९०० साली लंडनमध्ये मांडली. संख्याशास्त्राच्या इतिहासातला तो मोठा टप्पा. मात्र चार घरांच्या तक्त्याची स्वातंत्र्य मात्रा ते तीन धरत, चार घरांतून एक वजा करून. १९१५ साली मेजर ग्रीनवुड आणि उडनी यूल हे दोघे विषमज्वर आणि पटकी यांच्या लशींची आकडेवारी तपासत होते. एकच तक्ता दोन रीतींनी तपासला तर निष्कर्ष जुळत नाहीत, हे त्यांच्या ध्यानात आलं. १९२२ साली रोनाल्ड फिशर यांनी दाखवलं की ओळी-स्तंभांच्या बेरजा आपण हातातल्या आकडेवारीतूनच घेतो, तेवढी मोकळीक तिथेच संपते आणि मात्रा एकच उरते. पिअर्सन यांना ते पटलं नाही.

पुढचा प्रसंग मला फार आवडतो. कार्ल पिअर्सन यांचे चिरंजीव एगॉन हेही संख्याशास्त्रज्ञ. त्यांनी एका वेगळ्याच कामासाठी यादृच्छिक पद्धतीने चार घरांचे सुमारे १२,००० तक्ते तयार केले होते. फिशर यांनी १९२६ साली तेच तक्ते वापरले. काय-वर्गाची सरासरी ही तिच्या स्वातंत्र्य मात्रेइतकीच असते. वडिलांचं म्हणणं बरोबर असेल तर सरासरी तीनच्या जवळ यायला हवी, फिशर यांचं असेल तर एकच्या जवळ. ती जवळजवळ अचूक एक आली. हा वाद कागदापुरता नव्हता. मात्रा तीन धरली तर पाच टक्क्यांची रेघ ७.८१ वर जाते. ३.८४ आणि ७.८१ यांच्या मध्ये पडणारे सगळे तक्ते चुकीच्या रेघेमुळे ‘योगायोग’ ठरत, मग ते लशीचे का असेनात.

आता ९२.२ या आकड्याचा अर्थ. मोठा काय-वर्ग म्हणजे मोठा संबंध, असा समज सर्रास दिसतो आणि तो चूक आहे. टक्केवारी हीच ठेवून अर्जांची संख्या दहापट कमी केली, म्हणजे सुमारे ४५३ अर्ज, तर काय-वर्गही दहापट कमी होऊन ९.२ येतो. शंभरपट कमी केली, सुमारे ४५ अर्ज, तर ०.९. स्त्री-पुरुषांमधली दरी तीच, १४ टक्क्यांची. पण ४५ अर्जांत एवढी दरी आंधळ्या वाटपातही सहज पडते, ४,५२६ अर्जांत पडत नाही. याची दुसरी बाजूही ध्यानात ठेवावी: लाखो नोंदी असतील तर अर्ध्या टक्क्याचा क्षुल्लक फरकही कसोटीत ‘सार्थक’ ठरतो. संबंध किती घट्ट आहे हे कळायला काय-वर्गाला एकूण संख्येने भागून वर्गमूळ काढतात. चार घरांच्या तक्त्यात ते शून्य ते एक यांच्या दरम्यान येतं. बर्कलीत ते ०.१४ आहे. म्हणजे संबंध असल्याची खात्री जवळजवळ पूर्ण, पण संबंध सैल. प्रबंधात हे दोन्ही आकडे शेजारी-शेजारी असावेत असं मला मनापासून वाटतं.

याच कारणाने तक्त्यात टक्केवारी भरून कसोटी लावणं हा मोठा घोटाळा आहे. ४४.५ आणि ५५.५, ३०.४ आणि ६९.६ असे आकडे घरांत भरले तर गणिताला वाटतं, फक्त दोनशे माणसं आहेत. काय-वर्ग ९२ वरून एकदम ४.२ वर येतो. घरांत मोजलेली माणसंच हवीत.

आणखी दोन पथ्यं. प्रत्येक माणूस तक्त्यात एकदाच आला पाहिजे. एकाच विद्यार्थ्याचे तीन अर्ज तीनदा मोजले, किंवा प्रशिक्षणाआधी आणि नंतर त्याच माणसांची उत्तरं एकाच तक्त्यात घातली, तर कसोटी आपला पायाच गमावते. आणि अपेक्षित संख्या फार लहान नसाव्यात. प्रत्येक घरात निदान पाच, हा सरधोपट नियम. तो अपेक्षित संख्येचा आहे, मोजलेल्या संख्येचा नाही. प्रत्यक्ष मोजणीत एखाद्या घरात शून्य आलं म्हणून कसोटी बाद होत नाही. अपेक्षित संख्या खरोखरच लहान असतील तर फिशर यांची अचूक कसोटी वापरावी, ती चिठ्ठ्यांच्या सगळ्या शक्यता थेट मोजते.

संगणक काय-वर्गाच्या शेजारी छापतो त्या ‘पी’ किंमतीबद्दलही दोन शब्द. पी ०.०३ आली म्हणजे ‘संबंध नसण्याची शक्यता तीन टक्के’ असं वाचलं जातं. तिचं म्हणणं वेगळं आहे: संबंध मुळीच नसता तर एवढी किंवा याहून मोठी तफावत शंभरात तीनदा दिसली असती. संबंध नसल्याचं गृहीत धरूनच हा आकडा निघतो, मग ते गृहीत किती शक्य आहे हे तो सांगणार कसा? तसंच पी मोठी आली म्हणून दोन गोष्टी स्वतंत्र असल्याचं सिद्ध होत नाही. वरच्या ४५ अर्जांत नेमकं तेच झालं असतं.

आता परत बर्कलीकडे. आंधळं वाटप झालेलं नाही, हे नक्की. मग स्त्रियांवर अन्याय झाला, असं म्हणायचं का? पीटर बिकेल, यूजीन हॅमेल आणि विल्यम ओकॉनेल यांनी १९७५ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात या आकडेवारीची चिकित्सा प्रसिद्ध केली. त्यांचा मुद्दा साधा होता: प्रवेश विद्यापीठ देत नाही, एकेक विभाग देतो. तेव्हा अन्याय झाला असेल तर तो विभागांत दिसला पाहिजे.

सहा विभागांना अ ते फ म्हणू. पहिला आकडा पुरुषांच्या प्रवेशाच्या टक्क्यांचा, दुसरा स्त्रियांच्या.

| विभाग | पुरुष | स्त्रिया | काय-वर्ग |
|---|---|---|---|
| अ | ६२.१ | ८२.४ | १७.२५ |
| ब | ६३.० | ६८.० | ०.२५ |
| क | ३६.९ | ३४.१ | ०.७५ |
| ड | ३३.१ | ३४.९ | ०.३० |
| ई | २७.७ | २३.९ | १.०० |
| फ | ५.९ | ७.० | ०.३८ |

हा तक्ता सावकाश पाहावा. सहापैकी चार विभागांत स्त्रियांचं प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त आहे. पाच विभागांत काय-वर्ग ३.८४ च्या खूप खाली, म्हणजे तिथला फरक चिठ्ठ्यांच्या खेळातही सहज पडला असता. रेघ ओलांडणारा विभाग एकच, अ, आणि तिथला कल स्त्रियांच्या बाजूचा आहे. मग एकत्र केल्यावर ९२ आले कुठून?

कोणी कुठे अर्ज केला, हे पाहिल्यावर गुंता सुटतो. अ आणि ब या विभागांत प्रवेश सोपा, सुमारे ६४ टक्के अर्जदारांना मिळाला. पुरुषांपैकी १,३८५ जणांनी, म्हणजे निम्म्याहून जास्त जणांनी, याच दोन विभागांत अर्ज केले होते. स्त्रियांपैकी फक्त १३३ जणींनी, सात टक्के. उरलेल्या १,७०२ जणी क ते फ या विभागांकडे गेल्या, जिथे प्रवेश फार तर पस्तीस टक्क्यांना मिळत होता आणि फ मध्ये तर सहा टक्क्यांनाच. सहा विभागांचा एकच ढीग केला की अवघड दाराशी उभ्या राहिलेल्या स्त्रियांचे नकार आणि सोप्या दाराशी उभ्या राहिलेल्या पुरुषांचे प्रवेश एकमेकांसमोर येतात. लिंग आणि निकाल यांच्यातला ९२ चा संबंध खरा आहे, पण तो विभागाच्या निवडीतून फिरून आलेला आहे. तिसरी गोष्ट लक्षात घेतली की दोन गोष्टींमधला संबंध विरतो किंवा उलटतो, त्याला सिम्प्सनचा विरोधाभास म्हणतात.

काय-वर्ग कसोटी चुकली, असा याचा अर्थ मी लावत नाही. तिला विचारलेल्या प्रश्नाचं तिने बरोबर उत्तर दिलं. विभागाबद्दल तिला कुणी विचारलंच नव्हतं. तक्ता करताना कोणती तिसरी गोष्ट आपण एकाच ढिगात मिसळून टाकतो आहोत, हे संशोधकाला स्वतःच्या विषयाच्या ज्ञानातून ठरवावं लागतं. संगणकाला ते कळत नाही. लस आणि आजाराच्या तक्त्यात वय, माध्यम आणि निकालाच्या तक्त्यात घरची आर्थिक स्थिती, अशा गोष्टी आधीच नोंदवून ठेवल्या नसतील तर नंतर वेगळ्या काढता येत नाहीत. प्रश्नावली छापण्यापूर्वीच हा विचार झाला पाहिजे.

आणि बर्कलीत सगळं आलबेल होतं, असंही त्या तिघांनी म्हटलेलं नाही. गर्दीच्या, पैशाचं पाठबळ कमी असलेल्या आणि पदवी पूर्ण होण्याची शक्यता कमी असलेल्या शाखांकडे स्त्रिया वळतात, यामागे त्यांचं लहानपणापासूनचं शिक्षण आणि समाजाने दिलेलं वळण आहे, असं त्यांनी लिहिलं. प्रश्न प्रवेश समितीच्या खोलीतून निघून कित्येक वर्षं मागे, शाळेपर्यंत गेला.

असे विभागवार तक्ते हाताशी असतील तर त्यांचा एकत्र निकाल लावायचीही सोय आहे. वेगवेगळ्या माणसांवर आधारलेल्या तक्त्यांचे काय-वर्ग बेरजेत घेता येतात, त्यांच्या स्वातंत्र्य मात्राही बेरजेत येतात. सहाही विभागांची बेरीज १९.९४, मात्रा सहा, रेघ १२.५९, म्हणजे काहीतरी आहे. अ वगळून पाचांची बेरीज २.६९, मात्रा पाच, रेघ ११.०७, म्हणजे उरलेल्या विभागांत काहीच नाही. या बेरजेत एक उणीव राहते: वर्ग केल्यामुळे कल कोणत्या बाजूचा, ही माहिती पुसली जाते. सगळ्या विभागांत थोडाथोडा पण एकाच दिशेचा कल असेल तर तो अशा बेरजेतून निसटू शकतो. त्यासाठी नेथन मँटेल आणि विल्यम हेन्झेल यांनी १९५९ साली मांडलेली रीत वापरतात. ती आधी प्रत्येक विभागातली तफावत अधिक-उण्यासह जमा करते आणि वर्ग शेवटी एकदाच करते. बर्कलीच्या सहाही विभागांना ती लावली तर उत्तर ३.८४ च्या खालीच राहतं.